सेलबोर्नच्या वाटेने: इंग्लंडमधील ग्रामीण पॅरिशच्या नोंदींतून कुळाचा शोध कसा घ्यावा

इंग्लंडमधील खेड्यातल्या एखाद्या साध्या शेतमजुराच्या कुळाचा माग सोळाव्या शतकापर्यंत काढता येऊ शकतो, याचे श्रेय मुख्यतः तेथील चर्चमध्ये ठेवल्या गेलेल्या नोंदींना जाते. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील परिसराच्या, धर्मगुरूने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद एका वहीत करावी. पुणे, खडकी किंवा देवळाली येथील जुन्या ख्रिस्ती दफनभूमींचा अभ्यास करणारे, आपल्या घराण्यात कोणी इंग्रज पूर्वज होता असे ऐकत आलेली कुटुंबे, आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर तेथील नात्यांच्या मुळाशी जाऊ इच्छिणारे मराठी वाचक, अशा सर्वांना या नोंदींपाशी कधी ना कधी यावे लागते. त्या प्रथमच हाताळणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत एका कुळाच्या पिढ्या एकत्र लिहिलेल्या सापडतात, तशा त्या पॅरिशच्या वहीत सापडत नाहीत. येथे घटना तारखेच्या क्रमाने नोंदलेल्या असतात. १७६० साली बाप्तिस्मा झालेला मुलगा आणि १७८५ साली विवाह केलेला त्याच नावाचा तरुण हे एकच आहेत, असे वही कोठेही सांगत नाही. ते आपल्याला इतर कागदांच्या आधारे सिद्ध करावे लागते, आणि संशोधनाचे खरे कष्ट तेथेच आहेत.

उदाहरण म्हणून हॅम्पशर काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) सेलबोर्न हे पॅरिश घेतले आहे. निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) तेथे क्युरेट, म्हणजे सहायक धर्मगुरू, होता आणि त्याने आपल्या पॅरिशचे वर्णन बारकाईने लिहून ठेवले आहे, त्यामुळे नोंदींमागचे गाव डोळ्यांपुढे आणणे येथे सोपे जाते.

पहिली पायरी: जे निश्चित माहीत आहे तेथून मागे जा

आडनाव सारखे आहे म्हणून एखाद्या जुन्या घराण्यापासून खाली उतरत येण्याचा मोह टाळावा. आजी-आजोबांपासून आरंभ करून एकेक पिढी मागे जावे, आणि एक पिढी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पिढीला हात घालू नये.

तुमचा माणूस मुंबई इलाख्यात मरण पावला असेल, तर शोधाचा आरंभ लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याच्या, दप्तरापासून करावा. मुंबई इलाख्यातील चर्चनी पाठवलेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांच्या नकला तेथे ‘एन ३’ या मालिकेत आहेत. या नकलांत मृताचे वय आणि हुद्दा सहसा मिळतो, पण इंग्लंडमधील गावाचे नाव बहुधा मिळत नाही. तो ब्रिटिश लष्करातून सेवामुक्त झालेला साधा शिपाई असेल, तर लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील ‘डब्ल्यूओ ९७’ या मालिकेतील सेवामुक्तीचे कागद पाहावेत. त्यांच्या छापील नमुन्यात शिपायाचा जन्म कोणत्या पॅरिशमध्ये, कोणत्या गावाजवळ आणि कोणत्या काउंटीत झाला हे भरलेले असते. सेलबोर्नचे नाव जवळच्या ऑल्टन या बाजाराच्या गावासह अशा एखाद्या कागदावर आले, की शोधाला निश्चित ठिकाण मिळते.

दुसरी पायरी: पॅरिशचा नकाशा समोर ठेवा

नोंदवही उघडण्याआधी नकाशा पाहावा, हा माझा आग्रह आहे. ग्रामीण माणसे लग्नासाठी, चाकरीसाठी आणि शेतीसाठी साधारणपणे पाच-दहा मैलांच्या टापूत फिरत असत, त्यामुळे एका पॅरिशच्या वहीतून नाहीसे झालेले कुटुंब बहुतेक वेळा शेजारच्याच वहीत सापडते. सेलबोर्नचा विस्तार मोठा होता; त्याची हद्द बारा पॅरिशांना भिडत होती आणि त्यांपैकी ट्रॉटन आणि रोगेट ही दोन ससेक्स काउंटीत होती, असे व्हाइटने नोंदवले आहे. एकाच गावच्या शोधासाठी विंचेस्टरच्या हॅम्पशर अभिलेखागाराबरोबर चिचेस्टरच्या वेस्ट ससेक्स अभिलेखागाराकडेही जावे लागू शकते. काउंटीची सीमा ही कागदांची सीमा असते; माणसे मात्र ती बाजाराला जाताना सहज ओलांडत होती.

व्हाइटच्याच नोंदीनुसार १७८३ साली सेलबोर्नमध्ये १३६ कुटुंबे आणि ६७६ माणसे होती. एवढ्या लहान वस्तीत एक आडनाव चार-पाच घरांत असणे अगदी स्वाभाविक आहे, आणि त्या प्रत्येक घरात एक जॉन आणि एक विल्यम असणेही.

तिसरी पायरी: १८३७ नंतरचे कागद

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह व मृत्यूंची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तिच्या सूची तिमाहीनुसार लावलेल्या आहेत आणि सेलबोर्नच्या नोंदी ऑल्टन या नोंदणी जिल्ह्याखाली येतात. ही नोंदणी सांभाळणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन जन्मसूचीत आईचे माहेरचे आडनाव १८३७ पासूनच दिलेले असल्यामुळे एका जोडप्याची सगळी मुले वेगळी काढता येतात. पूर्वी यासाठी एकामागून एक दाखले विकत घ्यावे लागत. विवाहाच्या दाखल्यात वर आणि वधू या दोघांच्याही वडिलांचे नाव व व्यवसाय असतो, म्हणून एकच दाखला घ्यायचा असेल तर तो विवाहाचा घ्यावा. जन्माची नोंद न केल्यास दंडाची स्पष्ट तरतूद १८७५ पासून अमलात आली. त्याआधीचे काही जन्म सरकारी सूचीत नाहीत आणि ते चर्चच्या वहीतच सापडतात.

याच्या जोडीला जनगणना पाहावी. माणसांच्या नावांसह राष्ट्रीय पातळीवर उपलब्ध असलेली पहिली जनगणना ६ जून १८४१ ची. तिच्यात पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना होती, त्यामुळे ‘४०’ या आकड्यामागे ४४ वर्षांचा माणूसही असू शकतो. ३० मार्च १८५१ च्या जनगणनेत जन्माचे पॅरिश आणि कुटुंबप्रमुखाशी नाते हे दोन रकाने आले आणि त्यामुळे ती संशोधकाला सर्वांत उपयोगी पडते. समजा १८५१ मध्ये सेलबोर्नमध्ये राहणारा ६२ वर्षांचा शेतमजूर आपले जन्मस्थान न्यूटन व्हॅलेन्स असे सांगतो, तर १७८९ च्या आसपासचा त्याचा बाप्तिस्मा त्या शेजारच्या पॅरिशच्या वहीत शोधायचा. सरकारी नोंदणीपूर्वी जन्मलेल्या पिढीकडे नेणारा हाच पूल आहे. आज १९२१ पर्यंतच्या जनगणना खुल्या आहेत. १९३१ ची जनगणना १९४२ मधील आगीत नष्ट झाली आणि १९४१ मध्ये ती झालीच नाही.

चौथी पायरी: नोंदवहीचे कालखंड ओळखा

वहीत काय मिळेल हे बहुतांशी त्या त्या काळच्या कायद्यावर अवलंबून असते. वरून खाली, म्हणजे अलीकडून मागे, जाताना माहिती कमी होत जाते.

१८१३ पासून बाप्तिस्मा आणि दफनासाठी छापील वह्या आल्या. बाप्तिस्म्याच्या पानावर आठ नोंदी असतात आणि प्रत्येक नोंदीत तारीख, मुलाचे नाव, आई-वडिलांची नावे, आडनाव, राहण्याचे ठिकाण, वडिलांचा व्यवसाय आणि विधी करणाऱ्याची सही असे रकाने असतात. दफनाच्या नोंदीत वय आणि राहण्याचे ठिकाण येते. वयाचा हा एक रकाना फार मोलाचा आहे, कारण त्याआधीच्या अनेक दफन-नोंदींत फक्त नाव आणि तारीख असते, आणि मेलेला माणूस आजोबा होता की त्याच नावाचा नातू, हे त्यावरून कळत नाही.

२५ मार्च १७५४ पासून लागू झालेल्या हार्डविकच्या विवाह कायद्याने विवाहाची नोंद वेगळ्या वहीत, दोन साक्षीदारांसह आणि वर-वधूच्या सह्यांसह करणे बंधनकारक झाले. लिहिता न येणारी माणसे फुलीची निशाणी करत. सही हा ओळख पटवण्याचा उत्तम पुरावा आहे: १७७५ साली स्वतःच्या हाताने नाव लिहिणारा माणूस १७९० मध्ये फुली करत असेल, तर आपण दोन वेगळी माणसे एक समजत आहोत का, हे तपासावे. साक्षीदारांपैकी एक अनेकदा वधूचा भाऊ किंवा वडील असतो. मात्र तेच नाव प्रत्येक विवाहाखाली दिसत असेल तर तो चर्चचा कारकून समजावा आणि त्यावरून नाते जोडू नये. विवाह बहुधा वधूच्या पॅरिशमध्ये होई आणि पहिले मूल कधी कधी आजोळच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याला नेले जाई, म्हणून वराच्या गावी नोंद नाही याचा अर्थ विवाह झाला नाही असा नव्हे.

१ ऑक्टोबर १७८३ पासून १७९४ पर्यंत प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता आणि त्यातून फक्त निर्धनांना सूट होती. या काळात नावापुढे ‘पी’ हे अक्षर दिसले तर ते निर्धनाची खूण आहे. कर चुकवण्यासाठी बाप्तिस्मे लांबवले गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, त्यामुळे बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख कधीही मानू नये.

सर्वांत मोठा खड्डा सतराव्या शतकाच्या मध्यावर आहे. १६४२ मध्ये यादवी युद्ध सुरू झाल्यापासून १६६० मध्ये राजेशाही परत येईपर्यंत अनेक वह्या अर्धवट आहेत. १६५३ नंतर काही वर्षे नोंदी करण्याचे काम चर्चबाहेरच्या अधिकाऱ्याकडे दिले गेले आणि बाप्तिस्म्याऐवजी जन्म नोंदला गेला. वही हरवली असेल किंवा उंदरांनी व ओलीने खाल्ली असेल, तर बिशपकडे पाठवलेल्या वार्षिक नकला पाहाव्यात. १५९८ पासून अशी नक्कल पाठवणे आवश्यक होते. मूळ वही उपलब्ध असली तरी नक्कलही पाहावी, कारण दोहोंत फरक असतो आणि कधी नकलेत जास्त मजकूर सापडतो.

पाचवी पायरी: अक्षर, लॅटिन आणि वर्षाचा आरंभ

सतराव्या शतकातील अक्षर प्रथम अगदी परके वाटते. मोडी शिकणाऱ्यांना ठाऊक असलेलीच रीत येथे लागू पडते: नेहमीच्या, ओळखीच्या नावांवरून अक्षरांची वळणे टिपून घ्यावीत आणि मग अवघड शब्द त्यांच्याशी ताडून पाहावा. अलीकडच्या नोंदींपासून मागे गेल्यास डोळा आपोआप सरावतो. १७३३ पर्यंत काही वह्या लॅटिनमध्ये आहेत, पण शब्द मोजकेच असतात: ‘फिलिउस’ म्हणजे मुलगा, ‘फिलिया’ मुलगी, ‘उक्सोर’ पत्नी, ‘विदुआ’ विधवा, ‘सेपुल्तुस’ दफन केलेला. योहान्नेस म्हणजे जॉन, याकोबुस म्हणजे जेम्स आणि गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, हे पाठ करून ठेवावे.

वर्षाच्या आरंभाकडे मात्र विशेष लक्ष हवे. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. मे १७२० मध्ये झालेला विवाह आणि फेब्रुवारी १७२० मध्ये झालेला पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा एकाच वहीत दिसला, तर नवखा वाचक मूल विवाहापूर्वीचे ठरवतो. प्रत्यक्षात तो फेब्रुवारी मे महिन्यानंतर नऊ महिन्यांनी आलेला असतो. अशा तारखा आपल्या टिपणात ‘१७२०/२१’ अशा जोडवर्षाने लिहाव्यात. १७५२ मध्ये नवी गणना स्वीकारली गेली आणि त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला.

सहावी पायरी: माणूस तोच आहे हे सिद्ध करा

एखाद्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली की ताबडतोब त्याच नावाचे दफन शोधावे. त्या काळी अनेक मुले लहानपणीच दगावत आणि मेलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला ठेवले जाई. १७६० मध्ये बाप्तिस्मा झालेला विल्यम १७६१ मध्ये पुरला गेला असेल, तर १७८५ चा नवरदेव तो असूच शकत नाही. तो १७६३ चा दुसरा विल्यम असेल किंवा शेजारच्या गावचा. ही एक तपासणी न केल्यामुळे इंटरनेटवरील असंख्य वंशवृक्ष परक्या कुळाला जाऊन चिकटले आहेत, आणि ते एकमेकांकडून उतरवून घेतले जात असल्यामुळे चूक वाढतच राहते. दुसऱ्याचा वंशवृक्ष शोधाची दिशा म्हणून वापरावा, पुरावा म्हणून कधीही वापरू नये.

यानंतर त्या आडनावाच्या गावातील सगळ्या नोंदी काढून कुटुंबे स्वतंत्रपणे उभी करावीत. ‘जॉन आणि मेरी’ यांची मुले एका कागदावर, ‘जॉन आणि ॲन’ यांची दुसऱ्यावर, व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण यांसह. काम किचकट आहे, पण प्रत्येक नोंद कोणत्या तरी घरात बसली आणि कोणतीही उरली नाही, की आपण बांधलेल्या नात्यांवर विश्वास ठेवता येतो. विवाहबाह्य संततीच्या नोंदीत वडिलांचे नाव बहुधा नसते. ते मुलाच्या मधल्या नावात दडलेले आहे का, ते पाहावे.

सातवी पायरी: पॅरिशच्या पेटीतील गरिबांचे कागद

पॅरिशचे दप्तर कुलुपे लावलेल्या लाकडी पेटीत ठेवले जात असे. नोंदवहीखेरीज त्यात चर्चवॉर्डनचे, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या गावकऱ्याचे, हिशेब, ग्रामसभेच्या बैठकांची इतिवृत्ते आणि गरिबांची व्यवस्था पाहणाऱ्या ओव्हरसियरच्या वह्या असत. १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर आली आणि १६६२ च्या कायद्याने प्रत्येक माणसाचे हक्काचे पॅरिश, म्हणजे गरिबीत त्याला पोसणारे पॅरिश, कोणते, हे ठरवण्याची रीत घालून दिली. हा हक्क वडिलांकडून मिळे, लग्नाने पत्नीला पतीचा मिळे, आणि अविवाहित माणसाने सलग पूर्ण वर्ष चाकरी केल्यास, एखाद्या कारागिराकडे धंदा शिकत उमेदवारी केल्यास किंवा वर्षाला दहा पौंडांच्या घराचे भाडे भरल्यास नवा मिळे. पूर्ण वर्षाचा हक्क लागू नये म्हणून काही मालक गड्याला एक्कावन्न आठवड्यांसाठीच ठेवत.

परक्या पॅरिशमधील माणूस गरिबीत आला की त्याची दोन दंडाधिकाऱ्यांपुढे शपथेवर चौकशी होई. आपला जन्म कोठे झाला, कोणाकडे किती पगारावर किती काळ चाकरी केली, लग्न कधी आणि कोठे केले, मुलांची नावे व वये काय, हे सर्व त्या एका पानावर येते. माझ्या मते पॅरिशच्या संपूर्ण दप्तरात याहून मोलाचा कागद नाही. निरक्षर शेतमजुराच्या आयुष्याची हकीकत त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून उतरवलेली, खाली त्याची फुली, असा तो असतो. चौकशीनंतर निघणाऱ्या हद्दपारीच्या हुकमात कुटुंब कोणत्या पॅरिशकडे पाठवले गेले ते लिहिलेले असते, आणि शोध तेथून पुढे चालू होतो. नवशिके संशोधक हे कागद वगळतात, कारण आपला पूर्वज भिकेला लागला होता असे त्यांना मानवत नाही. शेतमजुराला आजारपण, म्हातारपण किंवा एक वाईट हिवाळा एवढे कारण पुरेसे होते. सेलबोर्नमध्ये गरिबांची संख्या मोठी असल्याचे व्हाइटने लिहिले आहे. पुरुष शेतीत, हॉप्सच्या (बिअरमध्ये घालायच्या फुलांच्या वेलीच्या) मळ्यांत आणि लाकूडतोडीत राबत, आणि बायका शेतातील तण काढत व हॉप्स खुडत.

१८३४ च्या नव्या कायद्यानंतर ही व्यवस्था अनेक पॅरिशांच्या संघांकडे गेली. सेलबोर्न ऑल्टन संघात आले. त्याआधी नोव्हेंबर १८३० मध्ये मजुरी आणि उपासमारीवरून उसळलेल्या शेतमजुरांच्या उठावात सेलबोर्नच्या आणि हेडलीच्या गरीबखान्यांवर हल्ला झाला होता, आणि डिसेंबरमध्ये विंचेस्टरला विशेष न्यायालय बसून अनेकांना ऑस्ट्रेलियाला पाठवण्याची शिक्षा झाली. या सुमारास एखादा तरुण बाप पॅरिशच्या नोंदींतून अचानक नाहीसा झाला आणि त्याचे दफन सापडत नसेल, तर राष्ट्रीय अभिलेखागारातील हद्दपार कैद्यांच्या याद्या अवश्य पाहाव्यात.

आठवी पायरी: मृत्युपत्रे आणि टाइथचे नकाशे

शेतमजुरांची मृत्युपत्रे क्वचितच सापडतात, पण शेतकरी, लोहार, चक्कीवाले यांची सापडतात, आणि त्यांत विवाहित मुलींची सासरची नावे व नातवंडे येत असल्यामुळे एका कागदात तीन पिढ्या जोडल्या जातात. १२ जानेवारी १८५८ पूर्वी प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्र अधिकृतपणे मान्य करण्याचे, काम चर्चच्या न्यायालयांकडे होते. सेलबोर्नसाठी विंचेस्टरच्या बिशपच्या अखत्यारीतील न्यायालयांचे कागद हॅम्पशर अभिलेखागारात पाहावेत. मोठ्या मालमत्तेसाठी कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयातील मृत्युपत्रे राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

१८३६ च्या कायद्याने चर्चला द्यायचा शेतीमालाचा दहावा हिस्सा, म्हणजे टाइथ, रोख रकमेत बदलला गेला, आणि त्यासाठी काढलेल्या नकाशांत प्रत्येक तुकड्याला क्रमांक दिला गेला. जोडीच्या यादीत मालक, कसणारा, शेताचे नाव आणि पीक असते. १८४१ च्या जनगणनेतील कुटुंब नेमक्या कोणत्या झोपडीत राहत होते, हे यावरून दाखवता येते.

नववी पायरी: ऑनलाइन शोध आणि अभिलेखागाराची भेट

फॅमिलीसर्च, फ्रीबीएमडी आणि फ्रीरेज या संकेतस्थळांवर विनामूल्य सूची मिळतात. ॲन्सेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट ही सशुल्क आहेत. सूची ही कोणीतरी वाचून उतरवलेली असते, म्हणून मूळ पानाची प्रतिमा पाहिल्याखेरीज नोंद स्वीकारू नये. आडनाव निरनिराळ्या स्पेलिंगांनी शोधावे, कारण धर्मगुरू कानावर पडेल तसे लिहीत असे. १९७८ च्या चर्च-नियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या वह्या सर्वसाधारणपणे काउंटीच्या अभिलेखागारात जमा झाल्या आहेत, त्यामुळे गावच्या धर्मगुरूला पत्र लिहिण्यापूर्वी अभिलेखागाराची सूची पाहावी. जाण्याआधी वेळ ठरवावी, हव्या असलेल्या कागदांचे क्रमांक लिहून न्यावेत आणि सोबत पेन्सिल ठेवावी, कारण वाचनकक्षात शाईला परवानगी नसते. शोधून काही न सापडलेल्या वह्यांचीही नोंद ठेवावी: कोणते पॅरिश, कोणती वर्षे, मूळ वही की सूची. काही महिन्यांनी हेच टिपण पुन्हा तेच काम करण्यापासून वाचवते.

१५३८ च्या पलीकडे

सर्वच वह्या १५३८ पासून उपलब्ध नाहीत; सुरुवातीच्या अनेक नोंदी सुट्या कागदांवर होत्या, आणि १५९८ मध्ये चर्मपत्रावर नकला करताना काही धर्मगुरूंनी फक्त पहिल्या एलिझाबेथच्या १५५८ मधील राज्यारोहणानंतरच्याच उतरवल्या. त्यामागे जायचे असेल तर जहागिरीच्या न्यायालयांचे कागद शोधावे लागतात, ज्यांत जमीन बापाकडून मुलाकडे गेल्याची नोंद होत असे. ते कोठे आहेत हे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या जहागिरी-दस्तऐवज सूचीत पाहता येते, आणि ते नेहमी काउंटीतच असतील असे नाही. सेलबोर्नमध्ये १२३३ साली स्थापन झालेला मठ पंधराव्या शतकाच्या अखेरीस बंद होऊन त्याची मालमत्ता ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजकडे गेली, आणि त्यामुळे या हॅम्पशरच्या खेड्याचे मध्ययुगीन कागद वाचण्यासाठी ऑक्सफर्डला त्या कॉलेजच्या अभिलेखागारात अर्ज करावा लागतो.